मध्यस्थाचा शब्द

तंटा मिटावा म्हणून मध्यस्थाने टोचणारा शब्द मऊ करून सांगावा काय? सन १८४० च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडात वायतांगी येथे इंग्रज सरकार व माओरी सरदार ह्यांचा करार व्हावयाचा होता. मिशनरी हेन्री विल्यम्स व त्यांचे पुत्र ह्यांनी एका रात्रीत त्याचे माओरी भाषांतर केले. इंग्रजीत सरदारांनी सार्वभौमत्व सोडावे असे होते. माओरीत ‘कावानातांगा’, म्हणजे गव्हर्नराचा कारभार, एवढेच आले. ६ तारखेस सह्या झाल्या. विल्यम्स ह्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या शब्दाचा वाद अद्याप मिटला नाही. कराराविषयीच्या तक्रारी ऐकण्यास १९७५ साली न्यायमंडळ स्थापावे लागले. खरा अर्थ कानी पडता, तर कित्येक सरदार कदाचित सही न करिता उठून जाते. आमच्या मते त्यांस उठू द्यावयास हवे होते.