डाव्या बाजूला हात लावायचा नाही

एखादी गाडी एका माणसानं उघडली आणि ती जोडायचं काम दुसऱ्याच्या वाट्याला आलं, तर या दुसऱ्यानं कुणाचं ऐकायचं? ज्या कारखान्यात ती बनली त्याचं? ती तीस वर्षं चालवणाऱ्याचं? की ज्यानं ती उघडली आणि मध्येच सोडून गेला, त्याचं? तिघांची उत्तरं जुळत असतील तर प्रश्नच नाही. माझ्यासमोर जी गाडी आहे तिच्यात ती जुळत नाहीत.

देवळाली कॅम्पात लॅम रोडच्या एका आतल्या गल्लीत जुना बंगला आहे आणि त्याच्या गॅरेजमध्ये १९६८ची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३. दोन माणसं बसतील एवढी, उघड्या टपाची, १२९६ सीसीची. मालक तोफखान्यातून निवृत्त झालेले कर्नल. आम्ही त्यांना काका म्हणायचो. पुढचं उजवं चाक, त्यामागचं सगळं सस्पेन्शन, कार्बोरेटर आणि बॉनेट एवढं त्यांनी उतरवलं होतं, आणि मग ते गेले. काकूंनी गाडी माझ्याकडे सोपवली, कारण मी ‘इंजिनिअर’ आहे. डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, हा तपशील आपल्याकडे कुणी विचारात घेत नाही.

(देवळालीत काहीतरी अडकून पडणं नवीन नाही. परतीच्या बोटीची वाट पाहणाऱ्या गोऱ्या शिपायांची छावणी इथं होती, आणि वाट पाहून डोकं फिरण्याला इंग्रजीत जो ‘डूलॅली’ शब्द आहे तो आपल्या गावाच्या नावावरून आलाय.)

स्पिटफायर उघडायला सोपी गाडी आहे, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. ट्रायम्फनं १९५९ साली हेरल्ड नावाची साधी कुटुंबाची गाडी काढली. त्याआधी १९५३मध्ये त्यांना गाड्यांचे सांगाडे पुरवणारी कंपनी प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतली होती. त्यामुळे अख्खी बॉडी एका ठिकाणी बनवून घेण्याऐवजी ती तुकड्यातुकड्यांत, वेगवेगळ्या ठिकाणी बनवून घ्यायची आणि वेगळ्या चासीवर बोल्टनं बसवायची, असा मार्ग त्यांनी काढला. १९६२ची स्पिटफायर त्याच चासीची आखूड आवृत्ती. आणि हीच हेरल्ड १९६१पासून आपल्याकडे मद्रासला ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून बनायला लागली. आजीआजोबांना विचारा, त्यांना नाव आठवेल. म्हणजे विलायती स्पोर्ट्स कारचे बरेच नातेवाईक आपल्याच देशात होते, आणि काकांनी त्यांचा उपयोग करून घेतला होता.

बोल्टनं जोडलेली गाडी म्हणजे पाना हातात घेतला की खोलता येते. पाना मात्र इंचाचा हवा. अर्ध्या इंचाच्या बोल्टहेडवर १३चा पाना बसतो, पण किंचित सैल, आणि दोनचार वेळा जोर लावला की कडा गोल होतात. नाशिकमध्ये सातपूर-अंबडला वाट्टेल ते घडवून देणारे टर्नर आहेत, त्यामुळे वस्तू मिळणं ही माझी मुख्य अडचण नाही. माझी अडचण एका डब्यात आहे.

डबा बिस्किटांचा आहे आणि त्यात शिम आहेत. शिम म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी. या गाडीत पुढच्या चाकाला धरणारा खालचा हात चासीला ज्या ब्रॅकेटनं जोडतात, त्या ब्रॅकेट आणि चासीच्या मध्ये शिम घालतात. एक, दोन, तीन, गरजेप्रमाणे. चाक वरून किती आत किंवा बाहेर कललेलं राहील ते त्यावर ठरतं. किती शिम घालायच्या याचा आकडा मॅन्युअलमध्ये असू शकत नाही, कारण तो प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. चासी वेल्ड करताना कुठे दोन मिलिमीटर सरकली, कुठल्या खड्ड्यात वाकली, कुणी कशी सरळ केली, या सगळ्याचं उत्तर म्हणजे त्या जागेवरच्या शिमांची संख्या. कारखान्यातल्या कुणीतरी आणि त्यानंतर दर दुरुस्तीला कुणीतरी मोजून घेतलेला तो निर्णय असतो. उजव्या बाजूच्या सगळ्या शिम आता एका डब्यात एकत्र आहेत. एकही हरवलेली नाही. तरी काहीतरी हरवलंय.

आम्ही कोड लिहितो तेव्हा प्रत्येक बदलाला एक नाव, तारीख आणि निदान एक ओळ चिकटलेली असते. पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसानं ती विचित्र अट का घातली होती, हे शोधता येतं. डब्यातल्या शिमला असलं काही नाही.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात हाच प्रश्न रथाबद्दल आहे. भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं? जू? सगळे भाग मिळून? की या सगळ्यांपलीकडचं काही? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या भागांच्या आधारानं ‘रथ’ हे नाव व्यवहारात येतं, एवढंच. मिलिंद म्हणजे यवन राजा मिनँडर. आणि देवळालीपासून थोड्याच अंतरावर, त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, सतराव्या क्रमांकाचं लेणं एका यवनानंच दान दिलंय. इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा, असं शिलालेखात कोरलंय. त्या लेण्याचं आतलं कामही पूर्ण झालेलं नाही.

नागसेनाचं म्हणणं मला पटतं, पण गॅरेजमध्ये ते पुरत नाही. त्याला माणसाला ‘मी’पासून सोडवायचं होतं, मला चाक बसवायचंय. ‘गाडी’ हे फक्त नाव आहे असं मानलं, तरी ते नाव पुन्हा लागू व्हावं म्हणून भाग कुठल्या रचनेत आणायचे, हा प्रश्न उरतोच. आणि शिमचा डबा सांगतो की रचना हीसुद्धा एक वस्तू आहे, ती हरवू शकते.

लंडनच्या न्यायालयाला १९९०मध्ये हा प्रश्न पैशांत सोडवावा लागला. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली १९२९ आणि १९३०, दोन्ही वर्षी ल मॉंची शर्यत जिंकली होती. एका कंपनीनं ती एक कोटी पौंडांना घ्यायचं कबूल केलं आणि मग माघार घेतली, कारण त्या विजयांच्या वेळचं तिच्यात फारच थोडं उरलं होतं. इंजिन, चासी, बॉडी, सगळं मधल्या काळात बदलत गेलं होतं. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूनं दिला. ती गाडी एका क्षणी संपून दुसरी सुरू झाली असं कधी झालंच नाही, तिचा इतिहास सलग आहे, म्हणून ती तीच.

सलग. हा शब्द मला छळतो. त्या बेंटलीवर कायम कुणीतरी काम करत होतं, एकानं दुसऱ्याच्या हातात दिली. स्पिटफायरच्या बाबतीत मधली काही वर्षं कुणाचाच हात नाही. ती सलगता आता मी निर्माण करायची, आणि तीसुद्धा काकांना न विचारता.

काकूंना मी एकदा विचारलं, काका काही लिहून ठेवायचे का? एक वही निघाली. त्यात तारखा, खर्च आणि बोल्टचे माप, शिमबद्दल एक शब्द नाही. मग काकू सहज म्हणाल्या, “ते सगळ्यांना सांगायचे, डाव्या बाजूला हात लावायचा नाही. डावी बघून उजवी जोडायची.”

म्हणजे त्यांनी डावी बाजू मुद्दाम शाबूत ठेवली होती. तीच त्यांची वही होती.

आणि इथंच पेच आहे. डाव्या बाजूचे रबरी बुश तडकलेत. तिथली गाडी रस्त्यावर नेणं म्हणजे खरोखर जीवाशी खेळ. नवीन रबर घालायचं तर डावी बाजू उघडावी लागेल, आणि ती उघडली की शेवटचा साक्षीदार गेला. काकांचा शब्द पाळला तर गाडी गॅरेजमध्येच राहील. मोडला, तर ज्या गोष्टीसाठी त्यांनी ती बाजू राखली तिचाच मी नाश करेन.

शिवाय साक्षीदार पूर्ण विश्वासाचा नाही. डावी ही उजवीची आरशातली प्रतिमा, असं वाटतं. तसं नाहीये. स्टिअरिंग फिरवलं की चाकाचा उभा दांडा खालच्या कांस्याच्या ठोकळ्यात आट्यांवर फिरतो. या ठोकळ्याला ट्रुनियन म्हणतात. दिसायला दोन्हीकडचे जवळपास सारखेच, पण एकाचे आटे उजवे आणि दुसऱ्याचे डावे. एकीकडचा दुसरीकडे चढतच नाही. आणि शिम तर दोन्ही बाजूंना सारख्या असतीलच असं अजिबात नाही. डाव्या बाजूकडून क्रम कळतो, कुठला वॉशर आधी, कुठला बोल्ट कुठून आत गेलाय ते कळतं. आकडा कळत नाही.

जुन्या इमारती सांभाळणाऱ्यांचा १९६४चा व्हेनिसचा जाहीरनामा आहे. त्यातल्या तीन गोष्टी मी घेतल्या. जिथं अंदाज सुरू होतो तिथं पुनर्बांधणी थांबली पाहिजे. प्रत्येक काळानं घातलेली भर मोलाची आहे, फक्त मूळ तेवढंच खरं असं नाही. आणि नवीन घातलेलं जुन्यापासून ओळखता आलं पाहिजे. दुसरी गोष्ट इथं लगेच लागू पडते. वहीप्रमाणे डाव्या बाजूचा ट्रुनियन विलायती नाही, मद्रासच्या हेरल्डमधून काढलेला आहे. शुद्धतावादी म्हणतील, इंग्लंडहून मागव. मी खेळ मोजला, आटे घट्ट आहेत. तो राहणार. १९६८ सालच्या कारखान्यातल्या अनोळखी कामगाराइतकाच भंगारातून हेरल्ड शोधणाऱ्या काकांचाही या गाडीवर हक्क आहे, कदाचित थोडा जास्त.

पहिली गोष्ट मात्र मला पाळता येत नाही. लेणं अर्धवट राहिलं तरी लेणंच असतं. त्याला घाटात ब्रेक लावायचा नसतो. गाडीत अंदाजापाशी थांबलं तर ती उभीच राहते. म्हणून मी रेघ दुसरीकडे ओढलीय. जिथं कुणाचा जीव अडकलाय तिथं भूतकाळाला मत नाही. ब्रेकचे पाइप, सील, रबर सगळं नवीन, त्यात काकांच्या आठवणींचा प्रश्नच येत नाही. ते तोफखान्यात होते, जुन्या सीलवर विश्वास ठेवणाऱ्याला त्यांनी उभं केलं नसतं. बाकी ठिकाणी त्यांचा निर्णय सापडला तर तो चालणार. सापडला नाही तर माझा चालेल, पण तो माझा आहे हे दिसलं पाहिजे.

मला कळलेली एक अवघड गोष्ट म्हणजे उरलेलं सगळं उघडून टाकण्याचा मोह. अर्धवट गाडीपेक्षा पूर्ण उघडलेली गाडी स्वच्छ वाटते. ऑफिसमध्ये दुसऱ्याचा कोड हातात आला की नव्यानं लिहू या म्हणणारा एक तरी निघतोच, तोच हा मोह. त्यात ‘आता सगळं मला समजतंय’ असं वाटायची सोय आहे. उघडण्यात कुणाच्याच निर्णयाशी भिडावं लागत नाही.

त्यामुळे सुरुवात पान्यानं झाली नाही. डाव्या बाजूचे फोटो काढले, प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर ऑइलपेंटनं खूण केली, वहीत चित्र काढलं. मग काकूंना गॅरेजमध्ये बोलावलं आणि सांगितलं की डावी बाजू उघडतोय. त्यांनी तडकलेलं रबर बोटानं दाबून पाहिलं, म्हणाल्या, “मग उघड. पण त्यांच्या वहीत लिही. वेगळी वही नको.”

डाव्या बाजूला पुढच्या ब्रॅकेटमागे दोन शिम निघाल्या, मागच्या ब्रॅकेटमागे एक. डब्यात, म्हणजे उजव्या बाजूच्या, पाच आहेत. तीन आणि दोन, की चार आणि एक, की एखादी काकांच्या सुट्या सामानातली, हे गाडीचं वजन चाकांवर आल्यावर कोन मोजूनच ठरेल. तोवर डावीसारख्याच दोन आणि एक घातल्यात. त्या ब्रॅकेटला तांब्याच्या तारेनं एक पत्र्याची चिठ्ठी बांधलीय, खिळ्यानं कोरलेली, ‘अंदाज’. उरलेल्या दोन शिम तेल लावून कागदात गुंडाळल्या आणि डब्यात परत ठेवल्या. पुढच्या आठवड्यात उजव्या ट्रुनियनमध्ये तेल भरायचं आहे.