नावाचे भाडे

लेखकाने स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न दिवाळीच्या फराळाबरोबर वाढण्याजोगा आहे काय, अशी शंका काही वाचकांना येईल. तथापि तो दिसतो तितका यांत्रिक नाही. ज्याला आपण ‘माझे नाव’ म्हणतो ते कितपत माझे, हा त्यातला पेच आहे.

मुळात ‘विकत घेणे’ हा शब्दच खरा नव्हे. डॉट कॉमवाले नाव एका वेळी फार तर १० वर्षांसाठी नोंदवता येते. पुढे पैसे भरणे थांबले, की काही मुदतीने ते मोकळे होते आणि मागेल त्याला मिळते. आत्याने पाळण्यापाशी कानात फुकट सांगितलेल्या नावाचे असे भाडे भरावयाचे!

न भरावे, तर दुसरे कोणी त्या घरात शिरते. जेनेट विंटरसन या इंग्लिश कादंबरीकर्तीचे नाव एका परक्या गृहस्थाने नोंदवून ठेवले होते. २००० साली जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या लवादापुढे दाद मागून तिने ते परत मिळविले. पण तिच्या नावाला बाजारात कीर्ती होती. शेवगावच्या मास्तराने तिथवर जाऊन काय सिद्ध करावे? शिवाय त्याच्या नावाचे आणखी चार जण जिल्ह्यात असतील, आणि त्यांचाही त्या नावावर तेवढाच हक्क आहे. रोमन लिपीत तर एकाच मराठी नावाची तीन-चार रूपे होतात. त्यांतले कोणते राखावे? २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ मिळू लागले, ही त्यातल्या त्यात सोय.

मास्तरांना नावाची एवढी मोठी पाटी कशाला, असे कोणी म्हणेल. पाटी घरमालकासाठी नसते, पाहुण्यासाठी असते. ज्याची कादंबरी दुकानांतून नाहीशी झाली, त्याच्यापर्यंत वाचकाने यावे कसे?

मात्र केवळ नाव राखून भागत नाही. आमच्या शेजारच्या नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्ञानदेवांचे नाव कोणी पळविले नाही. ते घरोघरी होते. बिघडले ते नावाखालचे लिखाण. नकलांमागून नकला होताना पाठ अशुद्ध होत गेले, आणि शके १५०६ मध्ये गोदेकाठच्या पैठणास एकनाथांनी ते शोधून शुद्ध केले. सुमारे तीनशे वर्षांनंतर कोणी परक्याने एवढे कष्ट घ्यावेत, असे भाग्य आम्हां सामान्य लेखकूंच्या वाट्याला कोठले! आमचे आम्हीच, जिवंतपणी, आपला खरा पाठ एके ठिकाणी मांडून ठेवावा, एवढेच हाती आहे.

म्हणून नाव घ्यावे, असे मी ठरविले आहे. देवनागरीत, आणि ५ वर्षांपुरतेच. पुस्तकांची यादी, सुधारलेल्या चुका आणि कोठेही न मिळणाऱ्या दोन कादंबऱ्या तेथे ठेवीन. वार्षिक वर्गणीचा वारसा मात्र मुलीच्या माथी मारणार नाही. भरण्याची तारीख तिला सांगून ठेवीन. नाव चालवावे की सोडावे, हे तिचे तिने पाहावे. दरम्यान सगळ्या पुस्तकांची एकेक प्रत गावच्या वाचनालयात देऊन येणार आहे. तिथे कपाटातल्या जागेला अजून भाडे पडत नाही.