दार नसलेली खाट

देगलूरची एक मुलगी नोकरीसाठी हैदराबादला आली. वय 22. हायटेक सिटीतल्या एका कंपनीत काम मिळालं आणि अमीरपेटच्या एका लेडीज हॉस्टेलमध्ये खाट मिळाली. खोली तिघींची होती. तीन लोखंडी खाटा, एक कपाट, एक खिडकी आणि बाथरूमबाहेर तीन बादल्या. बाकीच्या दोघींपैकी एक वरंगळची, एक गुलबर्ग्याची. तिघी आपसात हैदराबादी हिंदीत बोलत आणि घरच्यांशी आपापल्या भाषेत.

या मुलीची एक सवय होती. बाहेरून आली की अर्धा-पाऊण तास ती कुणाशी बोलत नसे. हातपाय धुवायची, चहा घ्यायची आणि भिंतीला टेकून बसायची. राग नसायचा, दुःखही नसायचं. दिवसभराचा गलका डोक्यातून उतरेपर्यंत तिला बोलवतच नसे. देगलूरच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती शाळेतून यायची तेव्हापासून आजी बाकीच्यांना सांगायची, "आत्ता आलीय ती. बसू द्या जरा." आपली वस्तू कुणी न विचारता घेतली तर तिला खपत नसे, हेही घरात माहीत होतं. मागितलं तर ती अंगावरची ओढणीसुद्धा काढून द्यायची. पण मागायला हवं. आणि पहाटे पाचला उठायचं, हा तिचा नेम होता.

निघताना आई म्हणाली होती, "तिथं मिसळून राहा गं. आपलं घर नाही ते."

मुलगी मिसळून राहू लागली. संध्याकाळी दमून खोलीत शिरली की दोघी विचारत, आज काय झालं, कोण काय म्हणालं, खाली चहाला येतेस का. ती हसून सगळं सांगायची. रात्री अकराला बिर्याणी खायची टूम निघाली की पोटात भूक नसली तरी चप्पल घालायची. ऑफिसात कुणी म्हणालं, "शनिवारची माझी शिफ्ट तू कर ना," तर करायची. तिचा शाम्पू सगळ्यांचा झाला, चार्जर सगळ्यांचा झाला, तिच्या खाटेवर बसून दोघी सिनेमे बघू लागल्या. ती एकदाही नाही म्हणाली नाही. सगळ्या म्हणत, किती गोड मुलगी आहे.

असे चार-पाच महिने गेले. मुलगी बारीक झाली. संध्याकाळी मेट्रोतून उतरल्यावर ती लगेच हॉस्टेलला जाईना. स्टेशनखालच्या गर्दीत एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसून राही. खोलीत जायचं म्हणजे पुन्हा बोलावं लागणार, याचंच तिला ओझं झालं होतं.

एका सकाळी ती आंघोळीला गेली, तर तिच्या बादलीत गुलबर्ग्याच्या मुलीचे कपडे भिजत होते. कारण एवढंसंच. पण मुलीच्या तोंडून पाच महिन्यांचं सगळं एकदम बाहेर पडलं. शेवटी ती म्हणाली, "तुझ्या घरी बादलीसुद्धा नव्हती का?"

गुलबर्ग्याची मुलगी काही बोलली नाही. तिने कपडे पिळले, बादली विसळली, जागेवर ठेवली आणि ती कामाला निघून गेली. त्या दिवसापासून खोलीत शांतता झाली. मुलीला हवी होती तशी मात्र ती शांतता नव्हती.

काचीगुड्याला मुलीच्या आईची एक चुलत बहीण राहत असे. मावशीचे सासरे देगलूरकडचेच. 1956 पर्यंत तो सगळा भाग हैदराबाद राज्यातच होता. नोकरीसाठी ते राजधानीत आले आणि राज्यं वेगळी झाली तरी इथेच राहिले. मावशी शाळेत शिकवून निवृत्त झाली होती, एकटी होती. रविवारी खोलीत बसवेना म्हणून मुलगी न कळवता मावशीकडे गेली. दुपारचे अडीच वाजले होते.

मावशीने दार उघडलं. हातात पुस्तक होतं, इसामिया बाजारच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेलं. तिने मुलीला आत घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं झालं आलीस. पण दोन ते चार मी वाचते, त्या वेळात कुणाशी बोलत नाही. ओट्यावर पोहे झाकून ठेवलेत, ते खा. झोप आली तर आतल्या खोलीत पड. चार वाजता चहा करू आणि मग पोटभर बोलू."

एवढं बोलून मावशी खुर्चीवर जाऊन वाचू लागली.

मुलीने पोहे खाल्ले. ताटली धुतली. मग ती भिंतीला टेकून बसली. कितीतरी महिन्यांनी तिच्याकडून कुणाला काही नको होतं. मावशी पानं उलटत होती. मुलीला राग आला नाही, परकंही वाटलं नाही. तिचा डोळा लागला, तो मावशीने चहाला हाक मारली तेव्हाच उघडला.

चहा घेताना तिने सगळं सांगितलं. बादलीचंही सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. मावशीने मधे एक शब्द काढला नाही. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी सकाळी ये. म्युझियमला जाऊ."

पुढच्या रविवारी दोघी ऑटोने सालारजंगला गेल्या. मावशीने तिला दालनांमधून हिंडवलं. जेडच्या मुठींचे खंजीर, हस्तिदंती खुर्च्या, चिनी मातीची भांडी, खेळणी, हातात धरायच्या काठ्या, घड्याळांमागून घड्याळं. बाराच्या आधी त्या अंगणातल्या मोठ्या घड्याळासमोर जाऊन बसल्या. तिथे नेहमीसारखी गर्दी होती. घड्याळातला लोहार सेकंदासेकंदाला घण घालत होता. बारा वाजायच्या जरा आधी एक छोटं दार उघडलं, दाढीवाला माणूस बाहेर आला, त्याने बरोबर बारा टोले दिले, आणि तो आत निघून गेला. पोरं ओरडली, मोठ्यांनी फोन खाली घेतले, गर्दी पांगली.

दोघी तिथेच बाकावर बसून राहिल्या.

"हे सगळं एका माणसाच्या घरातलं," मावशी म्हणाली. "मीर यूसुफ अली खान, तिसरा सालारजंग. आपल्या पुण्यात जन्मला, 1889 साली. महिन्याचा झाला नाही तोच बाप वारला. आजोबा तीस वर्षं हैदराबादचे दिवाण, बापही दिवाण. मग यानेही दिवाणच व्हायचं, हे ठरलेलंच. 1912 साली निजामाने त्याला दिवाण केलं. तुझ्याहून एकच वर्षाने मोठा होता तो तेव्हा. दोन वर्षांनी, 1914 साली, त्याने ते पद सोडलं. निजामाशी पटलं नाही म्हणतात. पण पुढे उरलेलं आयुष्य त्याने या वस्तूंना दिलं. लग्न केलं नाही. आवडलेली वस्तू दिसली की घ्यायची, मग ती लाखमोलाची असो की साधं खेळणं असो. 1949 साली गेला, तेव्हा त्याची देवडी, म्हणजे राहता वाडा, भरून गेली होती. दोन वर्षांनी नेहरूंनी येऊन तिथेच हे म्युझियम सुरू केलं. या इमारतीत ते 1968 साली आलं."

"लोक वेडा म्हणत असतील," मुलगी म्हणाली.

"म्हणत असतील. आपण काही ऐकायला नव्हतो. पण एक बघ. छंद त्याचा होता, पैसाही त्याचाच गेला. तुम्हीही माझ्यासारखे व्हा, असं म्हणत तो कुणाच्या मागे लागला नाही."

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तो नवाब होता, मावशी. माझ्याकडे तीन फुटांची खाट आहे."

"हौ. म्हणून तर तुला बोलावं लागेल," मावशी म्हणाली. "त्याच्या देवडीला दारं होती. ती लावून घेतली की न बोलता लोकांना कळत असेल. तुझ्या खाटेला दार नाही. तुझं काय ते तूच तोंडाने सांगितलं पाहिजेस. आणि साठून साठून फुटायच्या आधी सांगितलं पाहिजेस. मी तुला दारातच सांगितलं ना, चारपर्यंत बोलणार नाही म्हणून? तुला वाईट वाटलं?"

"नाही."

"चारपर्यंत तोंड वाकडं करून तुझ्याशी बोलत बसले असते, तर वाटलं असतं."

त्या संध्याकाळी मुलगी खोलीवर आली. दोघी होत्या. ती आधी गुलबर्ग्याच्या मुलीजवळ गेली आणि म्हणाली, "तुझ्या घराबद्दल मी जे बोलले, ते बोलायला नको होतं. मला माफ कर." मग तिने दोघींना सांगितलं, "कामावरून आले की अर्धा तास मी बोलत नाही. मी रागावलेली नसते, माझी ती सवयच आहे. अर्ध्या तासाने मी तुमचीच. आणि माझी कुठलीही वस्तू लागली तर मागा, मी देईन. न विचारता घेतलेलं मला आवडत नाही."

सांगताना तिचा आवाज कापत होता. वरंगळची मुलगी म्हणाली, "बस इतना?" गुलबर्ग्याच्या मुलीने मान हलवली आणि ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

सगळं लगेच सुरळीत झालं नाही. गुलबर्ग्याची मुलगी पुढे बरेच दिवस कामापुरतंच बोलायची. दुखावलेल्या माणसाला तेवढा वेळ द्यावाच लागतो. ऑफिसातल्या ज्या मैत्रिणीच्या शनिवारच्या शिफ्ट ही मुलगी करायची, तिला पहिल्यांदा नाही म्हटल्यावर तिने डबा खायला बोलावणं बंद केलं. मुलीला ते लागलं. पण संध्याकाळी ती दुकानाच्या पायरीवर बसायची थांबली.

आठवड्याभराने वरंगळची मुलगी तिच्या खाटेजवळ आली. आधी विचारलं, "बसू का?" मग बसली. म्हणाली, "तू तुझं सांगितलंस, मीही एक सांगू? मला झोपायला दोन वाजतात. तुझा पाचचा अलार्म रोज माझ्या कानात वाजतो. तू बटण दाबून पुन्हा झोपतेस, तो पुन्हा वाजतो. तू आलीस तेव्हापासून मी डोक्यावर उशी घेऊन झोपते."

मुलगी बघतच राहिली. पहाटे उठणं ही तर सगळ्यांनी कौतुक केलेली सवय. तिचा कुणाला जाच होत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू किती गोड होतीस," ती म्हणाली. "तुला वाईट वाटलं असतं."

त्या रात्रीपासून मुलीने अलार्मचा आवाज बंद केला आणि फोन नुसता थरथरेल असा करून उशीखाली ठेवला. पहिल्या थरथरीला उठायचं, असं तिने ठरवलं आणि पाळलं.

गुलबर्ग्याची मुलगी सर्वांत उशिरा बोलली. एका रात्री दिवा मालवल्यावर, अंधारात म्हणाली, "घरून फोन आला की मी जिन्यात जाते. परत आले की कुणाचा होता, काय म्हणाले, असं मला विचारू नका. सांगावंसं वाटलं तर मी सांगेन." दोघी हौ म्हणाल्या. काही महिन्यांनी तिने आपणहून सांगितलंही. ते इथे सांगायचं कारण नाही.

जवळच्या माणसाला न सांगताच कळायला हवं, असं आपण धरून चालतो. देगलूरच्या घरात न सांगता कळत होतं, कारण तिथे आजीने वीस वर्षं तिला पाहिलं होतं. तिच्या वतीने आजीच बोलायची. घर सोडल्यावर हे काम ज्याचं त्याला करावं लागतं. त्यात उद्धटपणा नाही. उलट समोरच्याला आपल्यामुळे अंदाज बांधत बसावं लागू नये, ही त्याच्याबद्दलची आस्थाच आहे. आणि ज्याने आपलं सांगितलं, त्याला दुसऱ्याचंही ऐकावं लागतं. अलार्मचं गाऱ्हाणं पाच महिने त्या खोलीतच होतं. मुलगी नुसती गोड होती तोवर ते सांगायची कुणाला सोय नव्हती.

वर्षभराने गुलबर्ग्याची मुलगी बंगळूरला गेली. तिच्या जागी आदिलाबादकडची एक मुलगी आली. 19 वर्षांची, पहिल्यांदाच घर सोडून आलेली. पहिल्याच संध्याकाळी दोघींनी तिला चहा दिला, आपापलं सांगितलं आणि विचारलं, "तुझं काय?" ती आधी म्हणाली, मला काहीही चालतं. दोघी थांबून राहिल्या. मग ती हळूच म्हणाली की पूर्ण अंधारात तिला झोप येत नाही. वरंगळच्या मुलीला तर उजेडात झोप येत नसे. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी तिघींनी मिळून खाटा हलवल्या. नव्या मुलीची खाट दाराच्या झरोक्याखाली आली, तिथे जिन्यातल्या दिव्याचा उजेड पडायचा. वरंगळच्या मुलीने कोपरा घेतला आणि डोळ्यांवर बांधायला एक काळी ओढणी घेतली.

तुमच्या घरी, खोलीत किंवा ऑफिसात कुणी नवं आलं असेल, तर त्याला पहिल्याच दिवशी एवढं विचारा. आणि "मला काहीही चालतं" असं उत्तर आलं, तर जरा थांबून पुन्हा एकदा विचारा.