आधी पाणी, मग नाव

मराठीत 'परका' आणि 'पाहुणा' असे दोन शब्द आहेत, आणि पुष्कळदा ते एकाच माणसाला लागू पडतात. तो उंबरठ्याच्या बाहेर असतो तोवर परका. आत आला की पाहुणा. या दोन शब्दांमधले अंतर जेमतेम एका पावलाचे. परंतु ते पाऊल कोणाच्या बळावर टाकले जाते? येणाऱ्याच्या ओळखीच्या बळावर, की घरातल्याच्या मनाच्या बळावर? नीतिशास्त्रातला हा जुना प्रश्न साध्या शब्दांत मांडायचा तर असा होईल : दारी आलेल्या अनोळखी माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारावा?

या प्रश्नाचा विचार करायला आजकाल एक चांगले निमित्त मिळते, ते परदेशप्रवासाचे. एके काळी नांदेड-लातूरच्या घरांतून मुंबईला निघालेल्या माणसाला गावाच्या फाट्यापर्यंत पोचवायला जात. आता त्याच घरांतील मुले-मुली अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलियाच्या वाटेला लागली आहेत. नांदेडचा मुलगा हैदराबाद गाठतो, लातूरची मुलगी रात्रीच्या गाडीने मुंबईला येते, आणि तेथून विमान. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारे विमान पंधरा-सोळा तास आकाशात असते. या सोळा तासांत प्रवाशाला काहीही कमी पडत नाही. जेवण वेळेवर येते, पाणी मागितले की मिळते, थंडी वाजली तर अंगावर घ्यायला पांघरूण असते. तरीही तेथे कोणी यजमान नसतो आणि कोणी पाहुणाही नसतो. जे मिळते ते तिकिटाच्या हक्काने मिळते. तेथे माणूस म्हणजे आसनाचा क्रमांक. यात दोष काही नाही. व्यवहार चोख असावा हेही नीतीचेच अंग आहे. परंतु सेवा आणि आतिथ्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला कधी जाणवले नसेल त्याला ते विमानातून उतरल्यावर जाणवते.

उतरल्याबरोबर पहिली गाठ पडते ती सरकारी खिडकीशी. पारपत्र दाखवा, नाव सांगा, कशासाठी आलात ते सांगा. येथे आधी नाव आणि मग प्रवेश असा क्रम असतो. राज्यसंस्थेला तो क्रम सोडता येत नाही, आणि तिने तो सोडावा असे कोणी म्हणणारही नाही. खिडकी ओलांडून प्रवासी शहरात येतो. घड्याळ ऋतुमानाप्रमाणे साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे गेलेले असते. शहरात दुपार असते आणि शरीरात नांदेडची मध्यरात्र. अवतीभवती हजारो माणसे असतात, पण कुठल्या गावचे, कोणाचे चिरंजीव, असे विचारणारे कोणी नसते. त्याचे आडनाव त्या शहराला नीट उच्चारता येत नाही. मग त्यातून काही अर्थ काढणे दूरच राहिले. ज्याचे आडनाव गावी मान मिळवून देत असे, त्याला ही स्थिती पोरकेपणाची वाटते. परंतु ज्याच्या आडनावाने पिढ्यान् पिढ्या दारे बंद झाली, त्याला त्याच क्षणी छातीवरचा दगड उतरल्यासारखे वाटते. एकच पहिला दिवस, एकच रस्ता. अनुभव मात्र दोन.

हा दुसरा अनुभव मराठी माणसाच्या इतिहासात फार मोठ्या अक्षरांत लिहिला गेला आहे. जुलै १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर बोटीने न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सुरुवातीला ते हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तेथले अन्न त्यांना रुचले नाही. परक्या मुलखात पहिल्या दिवसांत कोणाला रुचते? परंतु त्या वसतिगृहाच्या दाराने त्यांना जात विचारली नाही. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत त्यांनी नमूद केले आहे की, परदेशातील त्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती.

त्याच टिपणांत परतीचीही हकिकत आहे. १९१७ साली शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यास गेले. कोलंबियाचा हा विद्वान बडोद्याच्या स्थानकावर उतरला तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न होता तो रात्री राहायचे कोठे, हा. अखेर एका पारशी विश्रामगृहात, नोंदवहीत पारशी नाव लिहून, त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. तेव्हा त्यांना दोन मित्रांची आठवण झाली. एक हिंदू होता. तो म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा होता ख्रिस्ती. त्याने सांगितले की पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. ते घराणे मूळचे ब्राह्मण. पती विचाराने उदार झाला होता, पत्नी मात्र जुन्याच वळणाची राहिली होती. हे उत्तर म्हणजे सभ्य शब्दांतला नकार आहे, हे ऐकणाऱ्याने ओळखले. दुपारचे चार वाजले होते आणि मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कमाठी बागेत बसून काढले.

परक्या देशात शिरायला प्रवाशाला व्हिसा लागतो. बाबासाहेबांनी तो शब्द आपल्याच देशातल्या जगण्यासाठी वापरला. त्या टिपणांत हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती असे सगळेच उंबरठे येतात. आपण ख्रिस्ती वाचकांनी मात्र त्यांतल्या आपल्या उंबरठ्यापाशी थोडे अधिक थांबले पाहिजे. तो मित्र दुष्ट नव्हता. त्याने अपशब्द वापरला नाही, काठी उगारली नाही. त्याने फक्त क्रम उलटा लावला : आधी नावाचा निकाल, मग निवारा. मराठवाड्यातील आपल्या अनेक कुटुंबांच्या आजे-पणजोबांनी हाच क्रम पाणवठ्यावर आणि वेशीवर सोसला आहे. ज्यांच्या घराण्याच्या स्मृतीत ही तहान आहे, त्यांनीच तो क्रम पुढे चालवावा, याहून मोठी विसंगती कोणती?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. काळ कठीण आहे; अनोळखी माणसाला घरात घेताना चौकशी नको का? घरात लेकी-सुना आहेत, भाडेकरूची नोंद पोलिसांत द्यावी लागते. मग नाव न विचारून कसे चालेल? खरे आहे, चालणार नाही. परंतु ओळख विचारणे वेगळे आणि योग्यता ठरवणे वेगळे. या दोहोंतला भेद ओळखण्याची एक साधी कसोटी सांगता येईल. विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावर समोरच्याला द्यायचे पाणी, बसायला द्यायची जागा किंवा आवाजातला आदर बदलणार असेल, तर तो प्रश्न सावधगिरीचा नव्हे. आणि उत्तर काहीही आले तरी पाणी तेच, पेला तोच आणि आदरही तोच राहणार असेल, तर खुशाल विचारावे.

आपल्या खेड्यांनी हा क्रम एके परी जपलेला आहे. उन्हातून आलेल्याला आधी गूळ-पाणी द्यावे आणि मग कामाचे बोलावे, ही रीत कोणी पुस्तकातून शिकलेले नाही. फक्त ती रीत सर्वांसाठी नव्हती, हे तिचे दुखणे. ती सर्वांसाठी झाली तर कशी दिसेल हे पाहायचे असेल, तर नांदेडला गोदाकाठी जावे. दूर पाटण्यात जन्मलेले आणि पंजाबात कार्य केलेले गुरू गोविंदसिंग १७०८ साली येथे आले आणि येथेच त्यांचा देह विसावला. त्यांच्या स्थानी, सचखंड हजूर साहिब येथे, लंगरच्या पंगतीत जो बसेल त्याला जेवण मिळते. नाव, गाव, धर्म विचारण्याची तेथे पद्धत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पंजाबहून आलेले हजारो यात्रेकरू नांदेडातच अडकून पडले. त्या दीर्घ आठवड्यांत लंगरनेच त्यांना जगवले.

आपल्या परंपरेतही हाच क्रम सांगितलेला आहे. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात लिहिलेल्या मठाच्या नियमावलीत दरवानाला आज्ञा आहे की, दार वाजताच त्याने प्रथम देवाचे आभार मानून ओ द्यावी. कोण आले आहे हे कळण्यापूर्वीच आभार! आणि अम्माऊसच्या वाटेवरील त्या दोघा शिष्यांचे काय झाले? सोबत चालणारा कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. दिवस कलला म्हणून त्यांनी त्याला आग्रहाने मुक्कामाला ठेवून घेतले, आणि भाकर मोडली गेल्यावर त्यांचे डोळे उघडले. त्यांनी आधी ओळख मागितली असती, तर प्रभू पुढच्या वाटेने निघून गेला असता.

तथापि केवळ न विचारणे म्हणजे आतिथ्य पूर्ण झाले असे नव्हे. मोठे शहरही नाव विचारत नाही, पण ते बेफिकिरीमुळे. पंगतीत पोट भरते. तरी माणसाला कोणीतरी नावाने हाक मारावी लागते. परदेशातल्या पहिल्या रात्री त्या मुलाला जो एकटेपणा जाळतो तो भुकेचा नसतो. म्हणून नाव विचारायचे आहेच, आस्थेने विचारायचे आहे. फक्त पाण्यानंतर विचारायचे आहे.

परके शहर गाठायला समुद्र ओलांडावा लागतो असेही नाही. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने दरवर्षी जून-जुलैत खेड्यापाड्यांतील मुले-मुली पत्र्याची पेटी घेऊन लातुरात उतरतात. अहमदपूर-देगलूरकडच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरासाठी लातूर हेच न्यूयॉर्क. खोली शोधत ते दारोदार फिरते आणि त्याला पहिला प्रश्न ऐकू येतो, "आडनाव काय?" आपली लेकरे परदेशी निघाली की आपण मिस्सामध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, तेथे त्यांना कोणी प्रेमाने आसरा द्यावा म्हणून देवाला विनवतो. ती प्रार्थना मनापासून केली असेल, तर दारात उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या लेकराचे आडनाव कानी येण्यापूर्वी त्याच्या हाती पाण्याचा तांब्या गेला पाहिजे.