टेकूवरचे घर

वांद्र्याच्या ज्या जुन्या चाळीत आमचे आयुष्य गेले, तिच्या मागच्या अंगाला सामायिक संडासांची रांग होती. त्या रांगेखालची सागवानी तुळई वर्षानुवर्षे पाझरणाऱ्या पाण्याने काळी पडत गेली. आधी गिलाव्याला ओल आली, मग पोपडे सुटले, आणि एका पावसाळ्यात भिंतीतून पिंपळाचे रोप वर आले. मालकांचे मेहताजी दर महिन्याला भाडे न्यायला येत. आम्ही त्यांना तुळई दाखवत असू. ते मान वर करून पाहत, "शेठना सांगतो," असे म्हणत आणि पावती फाडून निघून जात. तुळईच्या बरोबर खाली, तळमजल्याच्या खोलीत एक वृद्ध विधवा राहत. सारी चाळ त्यांना आजी म्हणे.

२००४ च्या उन्हाळ्यात अठरा बिऱ्हाडांची बैठक भरली. मालकांना रीतसर नोटीस द्यावी असे ठरले आणि कागद फिरू लागला. अकरा सह्या झाल्या. बारावे गृहस्थ लेखणी हातात घेऊन थांबले आणि शांतपणे म्हणाले, "दुरुस्ती केली तर चाळ आणखी वीस वर्षे उभी राहील. पडायला आली तरच बिल्डर येईल आणि आपल्याला नवी जागा मिळेल. मग घाई कशाला?"

कुणीच उत्तर दिले नाही. त्या गृहस्थांचा राग आला म्हणून आम्ही गप्प राहिलो असे नव्हे. तोच विचार आमच्यापैकी अनेकांच्या मनाला केव्हातरी शिवून गेला होता, म्हणून आम्ही गप्प होतो.

घरमालक दुरुस्ती करीत नसेल तर भाडेकरूने काय करावे, हा प्रश्न सहसा वकिलाला विचारला जातो. त्याला कायद्याचे उत्तर आहे आणि ते आपण पाहणारच आहोत. परंतु त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो, असे त्या संध्याकाळी आमच्या ध्यानात आले. घर दुरुस्त व्हावे असे आपल्याला खरोखरच वाटते काय?

मालकाची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. मुंबईतील भाडी १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. युद्धकाळातील टंचाईत गरिबाला आसरा देणारा हा उपाय पन्नास वर्षे तसाच राहिला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ साली सांगितले की, भाडी अशी गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला व ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण मूळ रक्कमच इतकी लहान की चार टक्क्यांनी गवंड्याची एका दिवसाची मजुरीही भागू नये. अठरा खोल्यांच्या भाड्यातून छप्पर शाकारता येत नाही, असे मालक म्हणतो तेव्हा तो नेहमीच खोटे बोलत नसतो.

मात्र तेवढ्याने त्याची सुटका होत नाही. अनेक मालकांनी खोली देताना पागडी घेतलेली असते आणि खोली हातांतरित होताना तिचा वाटा पुन्हा घेतलेला असतो. १९९९ च्या कायद्याने या व्यवहाराला मान्यता दिली. घराच्या किमतीचा वाटा ज्याने घेतला, त्याने घराच्या काळजीचा वाटा नाकारावा हे कोणत्या न्यायात बसते?

म्हणूनच त्या कायद्याच्या चौदाव्या कलमाने, विरुद्ध करार नसेल तर, घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. तो चालढकल करू लागला तर भाडेकरूने एकट्याने किंवा सर्वांनी मिळून किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी. वाजवी मुदतीत काम झाले नाही तर भाडेकरूंनी ते स्वतः करावे आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा. हिशेब आणि पावत्या नीट ठेवल्या तर त्या मालकावर बंधनकारक ठरतात. मर्यादा एकच: एका वर्षात त्या वर्षीच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम कापता येत नाही.

या मर्यादेचा अर्थ आम्ही पाटीवर मांडून पाहिला. भाडे महिना दीडशे रुपये, म्हणजे वर्षाचे अठराशे. त्याचा चौथा हिस्सा साडेचारशे. तुळई बदलून लोखंडी टाकायची आणि नळ नवे घालायचे तर सह्या केलेल्या प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्याला आठ हजार येत होते. ही रक्कम भाड्यातून फिटायला जवळजवळ अठरा वर्षे लागणार! कायद्याने हक्क दिला होता, पण तो वापरायला खिशात आधी आठ हजार हवे होते.

मग भाडेच बंद करावे, असा सल्ला काहींनी दिला. तो ऐकायला गोड होता. परंतु भाडे थकवले की मालकाच्या हाती ताबा मागण्याचे कारण आयते येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपला शब्द मोडून दुसऱ्याला त्याच्या शब्दाची आठवण करून देता येत नाही. मेहताजींनी कापलेले भाडे घेण्याचे नाकारले तेव्हा आम्ही ते दर महिन्याला मनीऑर्डरने पाठवत राहिलो आणि परत आलेल्या पावत्या जपून ठेवल्या.

धोका मोठा असेल तर महापालिकेचे दारही आहे. १८८८ च्या महापालिका कायद्याच्या ३५४ व्या कलमाखाली मोडकळीस आलेल्या बांधकामाबद्दल नोटीस काढता येते. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची अभियंत्याकडून तपासणी करून घेणे आवश्यक आहे. इमारत 'सी-१' या वर्गात पडली तर ती तातडीने रिकामी करून पाडावी लागते. शहर भागातील उपकरप्राप्त इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळाची व्यवस्था झाली आणि पुढे ते मंडळ म्हाडाचा भाग बनले. वांद्र्यासारख्या उपनगराला ते छत्र नाही. म्हाडा कायद्यातील ७९-अ या नव्या कलमाचा क्रम मात्र आम्हांला उद्बोधक वाटतो. उपकरप्राप्त इमारत धोकादायक ठरली की, ५१ टक्के रहिवाशांच्या संमतीसह पुनर्बांधणीचा प्रस्ताव आणायला मालकाला सहा महिने मिळतात. त्याने ते दवडले तर रहिवाशांच्या नियोजित संस्थेला सहा महिने, आणि तिनेही काही केले नाही तर शासन पुढे होते. या कलमाच्या अंमलबजावणीवरून २०२५ साली उच्च न्यायालयात वाद उभा राहिला, हे खरे. तरी त्यामागची नैतिक दृष्टी स्पष्ट आहे. पहिली संधी मालकाची, पण ती अमर्याद नाही. आणि भाडेकरूलाही कायमचे हात बांधून बसण्याची मुभा नाही.

घर सोडले तर हक्क जाईल, ही भीती अनेकांना पडक्या छपराखाली बांधून ठेवते. भीती खोटी नाही, परंतु अर्धीच खरी आहे. महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. तेव्हा खोली सोडण्यापूर्वी तिच्या क्षेत्रफळाची लेखी नोंद करून घ्यावी, भाडेपावत्या जवळ ठेवाव्यात आणि माणसे बाहेर काढावीत. कागद पुन्हा उभे करता येतात.

माणसे पुन्हा उभी करता येत नाहीत, हे या शहराने वारंवार पाहिले आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जण दगावले. ती महापालिकेच्याच मालकीची होती आणि तीत पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबे राहत होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत पडली आणि ३३ जीव गेले. तिची पुनर्बांधणी ठरलेली होती. काही कुटुंबे आधीच हलली होती, काही राहिली होती. जी राहिली त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. संक्रमण शिबिरात गेलेली माणसे वर्षानुवर्षे परतत नाहीत, हे ज्याने पाहिले आहे त्याचा पाय उंबऱ्यात अडखळणारच.

परंतु अडखळणे वेगळे आणि वाट पाहत बसणे वेगळे. आमच्या बाराव्या गृहस्थांचे वाक्य पुन्हा आठवून पाहा. मालक वाट पाहत होता की चाळ पडेल आणि जमीन मोकळी होईल. भाडेकरू वाट पाहत होता की चाळ पडायला येईल आणि नवी जागा मिळेल. दोघांचे भांडण होते, पण दोघांची आशा एकच होती. आणि त्या आशेचे सगळे ओझे तळमजल्यावरच्या आजींच्या डोक्यावर होते. त्यांना ना जमीन मिळणार होती, ना नव्या जागेचे स्वप्न पाहण्याइतकी वर्षे त्यांच्यापाशी उरली होती.

आपल्या हातून घडलेल्या कृत्यांबरोबरच, जे करायला हवे होते आणि केले नाही त्याचाही दोष आपण दर रविवारी पदरी घेतो. कुजलेली तुळई पाहून गप्प बसणे ही अशीच न केलेली गोष्ट आहे. तिला आपण सोशिकपणाचे गोड नाव देतो. सोशिकपणा म्हणजे आपले दुःख आपण सोसणे. दुसऱ्याच्या डोक्यावरचा धोका आपण सोसतो, असे कुणी कसे म्हणावे? भाडेकरूपुढचा खरा पर्याय राहावे की जावे एवढाच नाही. या छपराखालच्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या बाजूने उभे राहावे, की आपल्या हिशेबाच्या बाजूने, हा तो पर्याय आहे. नोटीस, अर्ज, वर्गणी ही सारी त्यानंतरची साधने.

आणि वाचकहो, हे लिहिताना आम्हांला आपली स्वतःची आठवण होते. काल भाडेकरू असलेली आपली कित्येक कुटुंबे आज घरमालक आहेत. वसईच्या वाड्यांमधून अंगणाच्या कडेला भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या आहेत. तेथे दूरदेशीचे कामगार अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. चाळीच्या जुन्या भाडेकरूला कायद्याचे संरक्षण तरी होते. या माणसाला करारात लिहिले असेल तेवढाच आधार. छप्पर गळते असे तो म्हणाला तर अकराव्या महिन्यानंतर त्याचे बिऱ्हाड बाहेर पडू शकते. म्हणून तो बोलत नाही. त्याच्या न बोलण्याला आपण खोली चांगली असल्याचा दाखला समजतो. "शेठना सांगतो," असे म्हणणारे मेहताजी आता आपल्याच घरात राहायला आले नाहीत ना, हे एकदा पाहून घ्यावे.

आमच्या चाळीची नोटीस अकरा सह्यांनिशी गेली. उत्तर आले नाही. पावसाआधी अभियंता आणून, वर्गणी काढून काम झाले. तुळई खाली उतरवली तेव्हा बाहेरून ती धड दिसत होती, पण आत बोट घातले की भुसा निघत होता. सही न केलेल्या सातांपैकी चौघांनी पुढे आपला वाटा आणून दिला. बारावे गृहस्थ त्यांत नव्हते.

काम संपले त्या संध्याकाळी आजींनी चहा केला. अकरा कप मांडावेत की पंधरा, असे कुणीतरी विचारले. आजींनी शेजारून कप मागवून अठरा मांडले आणि म्हणाल्या, "छप्पर एकच आहे ना बाबा!" ते गृहस्थ आले, दारापाशी उभ्यानेच चहा प्याले, आणि जाताना मान वर करून नव्या तुळईकडे बराच वेळ पाहत राहिले.