गांवाचा पोशिंदा

दान देणाऱ्याची थोरवी आपल्याकडे पुष्कळ गाइली गेली आहे. दान घेणाऱ्याच्या मनाचा विचार मात्र फारसा झालेला नाहीं. एकट्यादुकट्या याचकाची गोष्ट सोडून देऊं. पण एखादें सबंध गांव जेव्हां एकाच कारखान्याच्या जिवावर जेवूं लागतें, त्याच्या मदतीनें शाळा बांधतें आणि त्याच्याच मालकाशेजारीं बसून प्रार्थना करतें, तेव्हां गांवाला जें मिळतें तें दान म्हणावें, कीं कारखाना आपलें ऋण फेडीत आहे असें म्हणावें? अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत कोलंबस नांवाचें एक शहर आहे, त्याची हकीकत वाचतांना हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला.

शहर म्हणावयाचें इतकेंच. वस्ती सुमारें पन्नास हजारांची आणि सभोंवतीं मक्याचीं व सोयाबीनचीं शेतें. तेथील अर्विन नांवाच्या पेढीवाल्याकडे क्लेसी कमिन्स हा मोटार चालविण्याच्या नोकरीस होता. त्याला डीझेल एंजिनाचें वेड होतें. धन्यानें भांडवल घातलें आणि १९१९ सालीं कारखाना निघाला. त्याला पहिला नफा झाला तो १९३७ सालीं! अठरा वर्षें पदरमोड करणारा दुसरा सावकार आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. १९३४ पासून कारभार अर्विनच्या भावंडांच्या पुढच्या पिढींतील जोसेफ अर्विन मिलर याच्या हातीं आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर गांवांत मुलें वाढलीं आणि शाळा अपुऱ्या पडूं लागल्या. त्या वेळीं मिलरनें जी युक्ति काढली तिचा विचार आम्हांस मोलाचा वाटतो. त्यानें शाळा बांधून दिल्या नाहींत. कारखान्याच्या धर्मादाय निधीनें गांवाला इतकेंच कळविलें कीं, आम्ही सुचवूं त्या नामांकित शिल्पज्ञांपैकीं एकाला तुम्ही निवडा, त्याची फी आम्ही देऊं. विटा, चुना आणि मजुरी तुमची. हॅरी वीझनें आंखलेली पहिली शाळा १९५७ सालीं उभी राहिली. मग एकामागून एक इमारती आल्या. रॉबर्ट व्हेंच्युरीनें आगीच्या बंबांचें ठाणें आंखलें, आणि आय. एम. पेइनें आंखलेलें ग्रंथालय १९६९ सालीं पुरें झालें. त्यापूर्वींच, १९४२ सालीं, एलिएल सारिनेननें तेथें एक प्रार्थनामंदिर बांधलें होतें. १९६४ सालीं त्याच्या मुलानें, ईरोनें, आंखलेलें दुसरें उभें राहिलें. (या दुसऱ्या मंदिरांतील मंडळी २०२२ सालीं विसर्जित झाली. वास्तु राहिली आणि उपासक गेले, हें आपल्याकडील लेणीं पाहिलेल्यांस नवें वाटूं नये.)

यांत स्वार्थ नव्हता काय? होताच. चांगल्या शाळा नसल्या तर चांगले इंजिनियर मक्याच्या शेतांत येऊन कशाला राहतील? पण हेतूंत भेसळ आहे म्हणून कृत्य हलकें ठरविणें आम्हांस पटत नाहीं. ज्याच्या हेतूंत भेसळ नाहीं असा दाता शोधीत बसलों तर मुलें उघड्यावरच शिकतील. आमची शंका निराळी आहे. यादी देणारा जर तोच असेल ज्याच्या कारखान्यांत गांवाचे बाप, भाऊ आणि जांवई कामाला आहेत, तर ‘ही यादी आम्हांला नको’ असें म्हणण्याची ताकद गांवांत कितपत उरते?

आयोवा संस्थानांतील न्यूटन हें गांव याहून लहान, सुमारें पंधरा हजार वस्तीचें. तेथें मेटॅग कंपनी १८९३ सालीं निघाली. प्रथम शेतीचीं अवजारें आणि १९०७ पासून कपडे धुण्याचीं यंत्रें ती करूं लागली. मेटॅग घराण्याचें नांव गांवाच्या उद्यानालाही आहे. १९३८ सालीं त्याच घराण्याच्या कारखान्यानें मजुरींत दहा टक्के कपात केली, संप झाला, आणि गव्हर्नरनें तेथें लष्करी पथकें पाठविलीं. उद्यानांत बसणारे आणि संप करणारे लोक तेच होते. पुढें २००६ सालीं व्हर्लपूल कंपनीनें मेटॅग विकत घेतली, आणि २००७ च्या आक्टोबरांत न्यूटनचा कारखाना बंद झाला. गांवाला कोणीं विचारलें नाहीं. विचारण्याची कायद्यानें जरूरहि नव्हती.

कोलंबसवर हा प्रसंग आला नाहीं याचें श्रेय कांहीं अंशीं मिलर घराण्याला आहे. १९८९ सालीं एका ब्रिटिश कंपनीनें कमिन्सचे पुष्कळसे भाग घेऊन ठेवले होते, ते या कुटुंबानें स्वतःच्या पैशानें सोडवून घेतले. २००४ सालीं मिलर वारला. कारखाना अजून तेथेंच आहे. शिवाय १९९० पासून टोयोटाचा माल उचलणाऱ्या (फोर्कलिफ्ट) गाड्यांचा कारखानाहि गांवांत आहे, आणि आमच्या मतें शहराच्या स्वातंत्र्याला पेइच्या ग्रंथालयापेक्षां या दुसऱ्या चुलीचा आधार अधिक आहे.

पण याच कमिन्स कंपनीनें २०२३ च्या डिसेंबरांत १६७ कोटी ५० लक्ष डॉलर दंड भरण्याचें मान्य केलें. तिच्या एंजिनांत धुराची परीक्षा चुकविणारी योजना होती, असा सरकारचा आरोप होता. कंपनीनें गुन्हा कबूल केला नाहीं, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. आरोप खरा धरला तर तो धूर ज्यांनीं गिळला ते बहुतेक कोलंबसच्या शाळांत शिकलेले नव्हते. अशा वेळीं कोलंबसच्या नागरिकानें काय बोलावें?

आम्ही तरी हें उंचावर बसून विचारूं शकत नाहीं. औंधच्या राजेसाहेबांनीं दिलेल्या जमिनीवर १९१० सालीं लक्ष्मणरावांनीं किर्लोस्करवाडी वसविली, तिचें कौतुक ऐकत आपल्या पिढ्या वाढल्या. त्याच किर्लोस्करांशीं भागी करून १९६२ सालीं कमिन्स पुण्यास आली. १९९१ सालीं कर्वे यांच्या संस्थेनें मुलींचें इंजिनियरिंग कॉलेज काढलें, त्याला तेंच नांव आहे. पुण्यांतील किती तरी घरांच्या लेकी तेथें शिकल्या, आणि तें नांव ऐकलें कीं आम्हांलाहि आपलेपणा वाटतो. दंडाची बातमी वाचली तेव्हां आमच्या मनांत प्रथम कोणता शब्द आला असेल? ‘असो’, हाच.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांनीं तीस वर्षें एका कारखान्यांत हिशेबनीस म्हणून काढलीं. कारखान्याचें काळें पाणी गांवाच्या ओढ्यांत जाई, आणि त्याबद्दल एकदां ग्रामस्थांनीं अर्ज केला. त्यावर सही मागावयास मंडळी यांच्याकडे आली. ‘मुलीच्या लग्नाला साहेबांनीं उचल दिली, ती अजून फिटावयाची आहे,’ असें म्हणून त्यांनीं कागद परत केला. उचल फिटली, पण पुन्हा कोणी कागद घेऊन आलें नाहीं. आतां कारखाना बंद आहे. ते रोज संध्याकाळीं ओढ्याकडे फिरावयास जातात. पाणी निवळलें आहे, तळाचे गोटे दिसूं लागले आहेत, असें ते परवां सांगत होते. आणि सांगतांना, जवळपास कोणी नसतांहि, त्यांचा आवाज खालीं आला.