गाळाची शुद्धी आणि माणसाची

शहराचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात आल्यावर पाणी पुढे सोडले जाते आणि मैल्याचा घट्ट भाग गाळाच्या रूपाने मागे उरतो. हा गाळ बंद टाकीत हवेवाचून कुजवून नंतर वाळवला, की नत्र आणि स्फुरद भरपूर असलेले खत हाती येते. खाण्याच्या पिकांना ते घालण्याबाबत जगभर संकोच असल्यामुळे इमारती लाकडाच्या व कागदी लगद्याच्या लागवडीकडे ते वळवण्याची वाट निघाली, आणि अमेरिकेत सिएटल परिसरातील गाळ कित्येक वर्षे डग्लस फरच्या व्यापारी वनांत पसरला जात आहे. बऱ्हाणपूर जिल्ह्यात हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. एकीकडे केळीच्या बागा आणि दुसरीकडे नेपानगरचा, 1956 मध्ये पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेला व पूर्वी सातपुड्यातील सलई-बांबूवर चाललेला वृत्तपत्री कागदाचा कारखाना, अशी खाण्याची आणि न खाण्याची दोन्ही पिके तेथे शेजारी नांदली आहेत. मैल्यातून वाढलेले झाड त्याच खतावरच्या केळीइतके अशुद्ध मानावे काय, हा धर्मविचारातला प्रश्न म्हणूनच तेथे नेमका उभा राहतो.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या जोडीला अमेध्यातून, म्हणजे अपवित्र द्रव्यातून, उगवलेले सर्व काही द्विजांना अभक्ष्य ठरवले आहे. हा निषेध भक्षणाचा असल्यामुळे सागाची तुळई किंवा कागदाचा ताव त्याच्या कक्षेत येत नाही. शिवाय त्याच अध्यायात झाडणे, सारवणे, शिंपणे, खरवडणे आणि गाई बसवणे या पाच उपायांनी भूमी शुद्ध होते असे सांगितले असल्याने, जमिनीला लागलेला दोष कायमचा मानलेला नाही हेही उघड आहे. पाण्यात मलमूत्र टाकू नये हा नियमही त्याच ग्रंथात आहे आणि नदी आपल्या वेगाने शुद्ध होते हे वचनही तेथेच आहे. सूर्यकन्या मानलेल्या तापीच्या काठावरच्या गावांनी, इतर नद्यांच्या काठांप्रमाणेच, यातले दुसरे वचन अधिक सोयीचे मानले, हे कबूल करायला हवे. गाळ नदीत जाण्यापेक्षा रानात जाणे शास्त्रदृष्ट्या कमी आक्षेपार्ह ठरते ते मात्र पहिल्या नियमामुळे.

इस्लामी न्यायशास्त्रात या प्रश्नाला अधिक सूक्ष्म उत्तर मिळते आणि त्याचा बऱ्हाणपूरशी थेट संबंध आहे, कारण औरंगजेबाच्या आज्ञेने सतराव्या शतकात सिद्ध झालेल्या 'फतावा-ए-आलमगिरी' या हनफी संग्रहाचे काम शेख निजाम बुऱ्हाणपुरी यांच्या प्रमुखत्वाखाली झाले. हनफी परंपरेत 'इस्तिहाला', म्हणजे वस्तूचे मूळ स्वरूपच पालटणे, हे शुद्धीचे साधन मानले जाते. मिठाच्या खाणीत पडलेले गाढव कालांतराने मीठच झाले तर ते मीठ शुद्ध, असे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे, जरी इमाम अबू युसुफ यांना हे मान्य नव्हते. सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने 1978 मध्ये पुरेशा प्रक्रियेनंतर सांडपाण्याच्या पुनर्वापराला मान्यता दिली, तेव्हाही अशुद्धीची लक्षणे नाहीशी होणे आणि आरोग्याला अपाय नसणे या अटी महत्त्वाच्या ठरल्या.

रूपांतर पूर्ण झाले हे ठरवायचे कसे, या ठिकाणी रसायनशास्त्र अबू युसुफ यांच्या शंकेला अनपेक्षित बळ देते. अहमदाबादमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने गाळावर गॅमा किरण सोडून रोगजंतू मारले जातात; पण कॅडमियम किंवा शिसे किरणांनी मरत नाही, कुजतही नाही, आणि म्हणून भारतीय खत नियंत्रण आदेशात कंपोस्ट खतातील कॅडमियमला किलोमागे 5 मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. लाकूड तोडून नेल्यावरही धातू बव्हंशी मातीतच राहतो. त्यातच सातपुड्याचे रान केवळ लाकडाचे कधीच नव्हते: कोरकू, भिल, बारेला कुटुंबे तेथून मोहाची फुले, तेंदूपाने, डिंक नेतात आणि गुरे चारतात. अभक्ष्य झाडाची सोयीस्कर कल्पना शहरातून पाहणाऱ्याचीच असू शकते.

याहून जड प्रश्न मैला हाताळणाऱ्याचा आहे. परंपरांनी द्रव्याला शुद्ध होण्याची मुदत दिली, जमिनीला पाच उपाय दिले, पण मैला उचलणाऱ्या जातीला मात्र शुद्धीचा एकही दिवस ठरवून दिला नाही. विटाळ देहातच जन्मतो, मग विटाळावाचून देह कोणता, असे सोयराबाईंनी चौदाव्या शतकात विचारले होते. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम करू द्यावे म्हणून उपवास केला, त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही केला, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी सोनखताचे प्रयोग चालवले. हाताला लागणारी घाण आणि जातीला चिकटवलेली घाण यांची फारकत त्यांनी स्वतःच्या हातांनी करून दाखवली. हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानेही मैला पूर्ण कुजण्याआधी हाताळणे हीच रेघ आखली आहे, म्हणजे इस्तिहालाचाच निकष, धर्मशास्त्राचे नाव न घेता, संसदेने स्वीकारला. गाळ पूर्ण कुजला आहे की नाही याचा दाखला शुद्धीकरण केंद्राची प्रयोगशाळा देते; तो खरा आहे की नाही हे सर्वांत आधी कळते ते फावडे घेऊन लागवडीत उतरणाऱ्या मजुराला, आणि त्याचे मत नोंदवण्यासाठी त्या दाखल्यावर रकाना नसतो.